मदत हवी आहे: टक्कर व्हायच्या आधीच वायू फुगतोय (गॅजेट-२)

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी बुलेट क्लस्टरसारखी टक्कर गॅजेट-२ वर (कणांचं गुरुत्व आणि वायूचा प्रवाह संगणकावर चालवून बघणारा कोड) करून बघतोय. विषय नवा असणाऱ्यांसाठी: दोन दीर्घिकासमूह एकमेकांतून आरपार गेले. दीर्घिका आणि डार्क मॅटर (न दिसणारं, फक्त गुरुत्वातून कळणारं द्रव्य) फारसे न अडखळता पुढे निघाले, दहा कोटी अंशांचा वायू मात्र एकमेकांत अडकून मागे राहिला. चंद्रा दुर्बिणीच्या क्ष-किरण चित्रात तो बंदुकीच्या गोळीसारखा दिसतो.

माझं घोडं बरंच अलीकडे अडलंय. गाईड म्हणाले, आधी मोठा समूह एकटाच चालवून बघ. डार्क मॅटरची घनता एनएफडब्ल्यू सूत्राने, वायूची बीटा मॉडेलने (केंद्रापासून दूर जाताना घनता कशी उतरते ते सांगणारी ठरीव सूत्रं), तापमान हायड्रोस्टॅटिक समतोलातून (वायूचा दाब गुरुत्वाला बरोबर तोलून धरेल असं), दोन्हीचे पाच-पाच लाख कण. एक रन अकरा तासांचा, रात्रभर पंख्याची घरघर. वायू शांत बसायला हवा, पण मध्यातली घनता तीस-चाळीस कोटी वर्षांतच उतरायला लागते.

एककं तपासली. १० कोटी केल्विनला अंतर्गत ऊर्जा सुमारे २० लाख (किमी/से)² यायला हवी, तेवढी येतेय. टाइमस्टेप निम्मा केला, ढिम्म फरक नाही. वायू १.५ मेगापार्सेकला (सुमारे ५० लाख प्रकाशवर्षांवर) कात्रीने कापल्यासारखा संपवलाय, त्यामुळे कड पसरते हे समजू शकतो. पण ध्वनिवेग सुमारे १,५०० किमी/से. म्हणजे कडेची खबर मध्यात पोचायलाच जवळपास शंभर कोटी वर्षं लागणार. मग मध्याला एवढी घाई कसली?

आता संशय दोन. डार्क मॅटरच्या कणांना वेग देताना मी जीन्स समीकरणातून (घनता आणि गुरुत्वावरून कणांचे वेग किती पसरलेले हवेत ते देणारं) वेगांचं विचलन काढून सरळ गाऊसियन (घंटेच्या आकाराचं) वाटप वापरलाय. त्याने गाभाच सैल होतोय का? की वायूचे कण रँडम टाकल्यामुळे सुरुवातीचा गोंधळ उष्णता होऊन बसतोय?

दुर्लक्ष करून पुढे जाता येत नाही. स्प्रिंगेल आणि फरार यांनी २००७ मध्ये दाखवलं की शॉकचा (गोळीपुढच्या वायूतल्या धक्कालहरीचा) वेग ४,५०० किमी/से. दिसला तरी गोळी, म्हणजे लहान समूह, स्वतः २,६०० नेच जात असू शकते, कारण समोरचा वायूही तिच्याकडे ओढला जातो. मला तोच आकडा काढायचाय, आणि माझा वायू तर आधीच उलट्या दिशेने निघालाय.

एडिंग्टनच्या सूत्राने (गाऊसियन न धरता घनतेवरूनच वेगांचं नेमकं वाटप देणारं) वेग काढणारा कोड कुणी लिहिलाय का? वायूसाठी ग्लास (कणांची रँडम नसलेली, एकसारखी पसरलेली मांडणी) कसा तयार करता? डार्क मॅटरच्या घनतेचा आलेख आज रात्रीच्या रननंतर इथेच टाकतो.