दहिसर नदी: कचरा दर पंधरवड्याला काढतो, पण पाण्याची नोंद कशी ठेवावी?

काठावरची (बोरिवली पूर्व)

नमस्कार. श्रीकृष्णनगरच्या पुलाच्या खालच्या अंगाला दहिसर नदीचा जो काठ आहे, तिथे आसपासच्या चार सोसायट्यांमधील आम्ही पंधरा-वीस जण गेली दोन वर्षे दर दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसहाला जमतो आणि दोन तासांत जेवढा कचरा निघेल तेवढा गोण्यांत भरून महापालिकेच्या गाडीत चढवतो. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल, जुन्या गाद्या, निर्माल्याच्या गाठी, सगळे काही निघते. पंधरा दिवसांनी पुन्हा जावे तर काठ जवळजवळ तसाच भरलेला असतो. त्याचे वाईट वाटते, पण त्याहून जास्त एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. मागच्या महिन्यात आम्ही एक पट्टा इतका स्वच्छ केला की काठावर कागदाचा कपटाही उरला नव्हता. तरी पाणी तेच राखाडी, वास तोच. आमच्याबरोबर येणाऱ्या एका नववीतल्या मुलीने विचारले, "काकू, कचरा तर काढला, मग नदी अजून का घाण आहे?" मला तिला धड उत्तर देता आले नाही.

आता गटातील काहींचे म्हणणे आहे की चाचणीचे संच विकत घेऊन दर महिन्याला पाणी तपासावे. काहींना तो खर्च वायफळ वाटतो. कोणी असे काम केले असल्यास कृपया सांगावे: काय मोजावे, कुठे मोजावे, आणि त्या आकड्यांचे पुढे काय करावे?

पोईसरचा मास्तर (कांदिवली)

ताई, मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे आणि निवृत्तीआधीची काही वर्षे विद्यार्थ्यांबरोबर पोईसर नदीचे पाणी तपासत असे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एकच गोष्ट मोजायची असेल तर पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजावा. आपल्याकडच्या २७ अंशांच्या आसपासच्या स्वच्छ गोड्या पाण्यात तो लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम मावतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीनुसार मासे आणि वन्यजीवांसाठी तो किमान ४ आणि आंघोळीच्या पाण्यात किमान ५ असावा लागतो. सांडपाणी मिसळले की त्यातील सेंद्रिय पदार्थ कुजवणारे जिवाणू हा प्राणवायू संपवतात, आणि जिवाणूंची ती भूक म्हणजेच अहवालांत येणारी बीओडी. आंघोळीच्या पाण्यात ती लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असा निकष आहे.

प्राणवायू मोजण्याची विंकलर पद्धत जुनी आहे आणि मुलांना ती फार आवडते, कारण उत्तर डोळ्यांना दिसते. ३०० मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत बुडबुडा न राहू देता पाणी भरायचे, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइडचे द्रावण सोडायचे, बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी अवक्षेप खाली बसतो. तो पांढराच राहिला, तर पाण्यात प्राणवायू नाही. आमच्या मुलांनी एका मार्चमध्ये पुलाखालचे पाणी भरले आणि बाटलीत दुधासारखा पांढरा अवक्षेप उतरला, तेव्हा सगळा वर्ग गप्प झाला होता. त्यानंतर मला व्याख्यान द्यावे लागले नाही. पुढे नेमका आकडा काढण्यासाठी आम्ल घालून थायोसल्फेटने अनुमापन (टायट्रेशन) करायचे असते. ते आम्ल तीव्र असते, म्हणून ती पायरी नदीवर नव्हे, प्रयोगशाळेत जाणत्या माणसाच्या हातानेच व्हावी. पहिल्या दोन पायऱ्या मात्र काठावर लगेच कराव्या लागतात, कारण नमुना घरी नेईपर्यंत त्यातील प्राणवायू बदलतो.

तापमान, सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा) आणि पाण्याचा गढूळपणा यांना फारसा खर्च नाही. विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणूंची चाचणी मात्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून वर्षातून दोनदा करून घ्यावी. नमुना निर्जंतुक बाटलीत भरून, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवायचा असतो. आंघोळीच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे ५०० ही इष्ट आणि २,५०० ही कमाल मर्यादा आहे.

आणि एक विनंती. उपकरणे घेण्याआधी दगड उलटून पाहा. दगडाखाली मेफ्लाय या कीटकाची तीन शेपट्यांची पिल्ले सापडली तर त्या पाण्यात प्राणवायू चांगला आहे असे समजावे. नुसत्या तांबड्या बारीक अळ्याच वळवळताना दिसल्या, तर तिथे दुसरे फारसे काही जगत नाही. उद्यानाच्या हद्दीतील वरचा प्रवाह तुलनेसाठी पाहता आला तर उत्तम, कारण ही नदी तुळशी तलावाच्या बाजूने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातूनच खाली येते. तिथे पाण्यात उतरण्यासाठी वनविभागाची परवानगी मात्र आधी घ्यावी.

परिचारिका_दहिसर

चाचणीबद्दल मला सांगता येणार नाही, पण आरोग्याबद्दल सांगणे माझे कर्तव्य आहे. नदीकाठी उंदीर, कुत्री आणि तबेल्यांतील जनावरे आहेत, आणि त्यांच्या मूत्रातून पाण्यात आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायावरच्या साध्या खरचटण्यातूनही शरीरात शिरतात. त्यामुळे गमबूट आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे प्रत्येकाला हवेतच. ज्याच्या हातापायाला जखम असेल त्याने त्या रविवारी काठावर बसून नोंदी लिहाव्यात, पाण्यात उतरू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे. लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे साधारण ५ ते १४ दिवसांनी, कधी महिन्यानेही दिसतात. ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे, डोळे लाल होणे यांपैकी काही जाणवले तर अंगावर काढू नका, आणि आपण नदीत उतरलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण ते त्यांना आपोआप कळणार नाही. प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात का, हेही डॉक्टरांनाच विचारावे. पावसाळ्यात नदी फुगलेली असताना कोणीही उतरू नये.

मलवाहिनीवाला (गोरेगाव)

मी पर्जन्यजल आणि मलनिःसारणाच्या कामांवर अभियंता म्हणून तीस वर्षे काढली आहेत. मास्तरांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे, पण माझ्या मते तुमच्या गटाने संचाच्या आधी खडू, वही आणि बादली घ्यावी.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. मुंबईत पावसाचे पाणी आणि घरांतील मैलापाणी यांच्यासाठी दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. मैलापाणी मलवाहिनीतून उदंचन (पंपिंग) केंद्राकडे आणि तिथून प्रक्रिया केंद्राकडे जावे, आणि पावसाचे पाणी नाल्यांतून थेट नदीत आणि खाडीत उतरावे अशी रचना आहे. याचा अर्थ पावसाच्या पाण्यासाठी बांधलेल्या नाल्याचे तोंड एप्रिल-मे महिन्यांत कोरडे ठणठणीत असायला हवे. पाऊस शेवटचा पडून सहा महिने झाले असताना ज्या तोंडातून धार वाहते आहे, ते पाणी कुठल्या तरी घरातून, तबेल्यातून किंवा कारखान्यातूनच आलेले असते. मिठी, ओशिवरा, पोईसर आणि दहिसर या चारही नद्यांमध्ये उन्हाळ्यात शहरी भागात जे वाहते त्यात बहुतांश हेच असते. तुम्ही गोण्यांत भरता तो कचरा खरा आहे आणि तो काढलाच पाहिजे, कारण तोच पावसाळ्यात मोऱ्या आणि पुलांच्या कमानी तुंबवतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा अडलेल्या प्रवाहांनी काय केले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पण पाण्याचा रंग आणि वास गोणीत भरता येत नाही, तो त्या तोंडांतून येतो.

म्हणून उन्हाळ्यात, सकाळी सात ते नऊ या वेळेत, घराघरांत पाणी सर्वांत जास्त वापरले जात असताना, तुमचा पट्टा वरून खाली चालत या. दोन्ही काठांवरचे प्रत्येक तोंड मोजा आणि त्याला क्रमांक द्या. प्रवाह जिकडे जातो तिकडे तोंड करून उभे राहिल्यावर डाव्या हाताला येतो तो डावा काठ, हा नियम सर्वांनी पाळावा, नाहीतर दोन महिन्यांनी नोंदींचा घोळ होतो. पुलापासून किती पावले, पाइप आहे की दगडी गटार, किती रुंद, धार आहे की नाही, हे लिहा. धार असेल आणि सुरक्षितपणे हात पोहोचत असेल तर १० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते घड्याळावर पाहा. रंगही बरेच सांगतो. राखाडी आणि साबणाचा फेस असलेले पाणी मोरीचे आणि संडासाचे, हिरवट तपकिरी आणि कडब्याच्या काड्या असलेले तबेल्याचे, आणि दिवसागणिक रंग बदलत असेल तर वर कुठे तरी रंगकाम किंवा धुलाईचा व्यवसाय चालू असण्याची शक्यता धरावी. प्रत्येक तोंडाचे छायाचित्र दर वेळी त्याच जागी उभे राहून काढावे.

याचा उपयोग कसा होतो ते माझ्या अनुभवातून सांगतो. एका कार्यालयात असताना माझ्या टेबलावर "नदी अत्यंत घाण झाली आहे, त्वरित कार्यवाही करावी" अशी पत्रे गठ्ठ्याने येत, आणि मला खेदाने सांगावे लागते की त्यांवर एक ठरावीक उत्तर जाऊन ती बंद होत. एकदा मात्र एका रहिवाशाने पुलापासून इतक्या पावलांवर, डाव्या काठाला, दोन फूट व्यासाच्या पाइपमधून १४ दिवस रोज सकाळी वाहणाऱ्या पाण्याची तारीखवार नोंद पाठवली. ते पत्र बंद करणे कोणालाच शक्य नव्हते. माणूस पाठवावा लागला, झाकणे उघडावी लागली आणि एका इमारतीची मलवाहिनी थेट पावसाळी गटाराला जोडलेली सापडली. ती जोडणी तोडण्यास आणखी पाच महिने गेले, हेही सांगितले पाहिजे.

तक्रार महापालिकेच्या १९१६ या दूरध्वनी क्रमांकावर नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा आणि प्रभाग कार्यालयात लेखी प्रत द्यावी. उत्तर आले नाही तर माहिती अधिकार कायदा, २००५ अन्वये त्या तोंडाला कोणकोणत्या जोडण्या आहेत याचा नकाशा मागावा, त्याला ३० दिवसांची मुदत असते. एक सावधगिरी मात्र बाळगावी. तुम्ही घेतलेला नमुना न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहणार नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ मध्ये नमुना कोणी, कशी सूचना देऊन आणि कसा सीलबंद करून घ्यायचा याची पद्धत घालून दिली आहे, आणि तो अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यांचा आहे. तुमच्या नोंदीमुळे तो अधिकारी योग्य तोंडापाशी योग्य वेळी येऊन उभा राहावा, एवढे तिचे काम.

गोराईचा_नाखवा

आमची बाजू कोणी विचारत नाही, म्हणून लिहितो. तुमची नदी पुढे मनोरीच्या खाडीला मिळते आणि आमची माणसे तिथेच जाळे टाकतात. पहिला मोठा पाऊस झाला की जाळ्यात मासळीपेक्षा पिशव्या जास्त येतात, आणि ते जाळे झाडून साफ करण्यात सबंध सकाळ जाते. माझे वडील ज्या चिखलात निवट्या (चिखलातले छोटे मासे) आणि चिंबोऱ्या धरायचे, तिथे आता पाय घालवत नाही.

मोजमाप करणार असाल तर भरती-ओहोटीचे ध्यान ठेवा. नदीच्या खालच्या टप्प्यात भरतीचे पाणी वर चढते. भरतीच्या वेळी बाटली भरलीत तर तुम्ही अर्धी खाडी मोजाल आणि पाणी सुधारले असे समजून बसाल. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी फार आत जाते, अष्टमी-नवमीच्या भांगाला कमी. खालच्या टप्प्यातले नमुने नेहमी भांगाच्या दिवसांत, ओहोटी संपत आली असताना घ्या, म्हणजे एका महिन्याची दुसऱ्याशी तुलना करता येईल.

तिवरांच्या झाडीत सफाईला यायचे असेल तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी काढून या, आणि मुळांना गुंडाळलेल्या पिशव्या ओढू नका, कात्रीने कापून काढा. चिखलातून बोटांसारखी वर आलेली ती मुळे झाडाच्या श्वासासाठी आहेत, ओढली की मोडतात.

पोईसरचा मास्तर (कांदिवली)

भरतीचा मुद्दा माझ्याकडून राहून गेला होता, नाखवांचे आभार. खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून दुहेरी फसगत होऊ शकते. पाण्यातील क्षार मोजणारा छोटा मीटर सोबत ठेवला तर खाडीचे पाणी वर आले आहे की नाही ते लगेच कळेल. अभियंता महोदयांचा क्रमही मला पटला. आधी तोंडे मोजावीत, आणि मग वाहत्या तोंडांच्या वर एक आणि खाली एक अशा जागा प्राणवायूच्या मोजणीसाठी निवडाव्यात. आम्ही सोयीच्या पुलांवरून नमुने घेत राहिलो आणि पाणी नेमके कुठे बिघडते हे आम्हाला कधीच दाखवता आले नाही.

काठावरची (बोरिवली पूर्व)

सर्वांचे मनापासून आभार. काल सकाळी आम्ही सहा जण बादली आणि खडू घेऊन आमच्या पट्ट्यातून चालत गेलो. जेमतेम अर्ध्या किलोमीटरमध्ये दोन्ही काठांची मिळून १७ तोंडे सापडली, त्यांपैकी ६ वाहत होती. दोन वर्षे आम्ही याच काठावर वाकून कचरा वेचत होतो, पण त्यांतील चार तोंडांकडे आमच्यापैकी कोणाचे लक्षही गेले नव्हते. डाव्या काठाच्या ५ क्रमांकाखाली बादली ११ सेकंदांत भरली आणि पाण्यावर साबणाचा फेस होता. ही नोंद त्या नववीतल्या मुलीनेच वहीत लिहिली आणि खाली स्वतःची सही व वेळ टाकली.

आता आठवडाभर रोज सकाळी दोघे जण त्या सहा तोंडांपाशी जाणार आहेत, आणि पाळ्या लावून झाल्या आहेत. अभियंता काका, उजव्या काठाला एका तोंडातून सकाळी काहीच येत नाही, पण खालचा दगड ओला आणि काळा असतो. तिथे रात्री कोणी तरी पाणी सोडत असावे असे वाटते. रात्री काठावर थांबणे आम्हाला सुरक्षित वाटत नाही. अशा तोंडाची नोंद कशी घ्यावी?

मलवाहिनीवाला (गोरेगाव)

रात्री अजिबात थांबू नका. संध्याकाळी उजेड असताना त्या तोंडाच्या आत हात पोहोचेल तिथे, तळापासून चार बोटे उंचीवर जाड सुती दोरीला बांधून पांढऱ्या कापडाची पट्टी अडकवा आणि सकाळी हातमोजे घालून काढा. पाणी येऊन गेले असेल तर पट्टी भिजलेली असेल, आणि तिच्यावरचा डाग व वास काय सोडले होते ते बऱ्यापैकी सांगेल. सलग सात दिवसांच्या सात पट्ट्या वाळवून, तारीख लिहून वहीला जोडा.