तांजिरोचा हाओरी घरी शिवायचाय, सल्ला हवा

ठाणेकर_काकू:
मुलगा अकरावीत आहे. कॉमिक कॉनला (कॉमिक्सप्रेमींच्या मेळाव्याला) ‘डीमन स्लेयर’ या जपानी कार्टून मालिकेतला तांजिरो होऊन जायचंय. त्याचा हाओरी म्हणजे हिरव्या-काळ्या चौकड्यांचा सैल जपानी अंगरखा. तयार पोशाख मागवून झाला: पातळ पॉलिस्टर, छापलेले चौकोन शिवणीवर तिरपे गेलेले. परत पाठवला. मला परकर आणि उशांचे अभ्रे शिवण्यापुरतं शिवण येतं. मंगलदास मार्केटात हिरवे-काळे चेक्स मागितले की तिसरी छटा मध्ये असलेलं गणवेशाचं कापड पुढे येतं. तीन आठवडे हातात, बजेट दोन हजार, तलवारीसकट.

शिवणवेडी:
काकू, चेक्स शोधूच नका. हिरवं आणि काळं साधं पॉपलीन घ्या, 44 इंची पन्ह्याचं, प्रत्येकी दीड मीटर. मुलगा साडेपाच फुटी असेल तर पुरतं. काळं आधी दोनदा धुवा, नाहीतर हिरव्यावर उतरेल.

चौकोन एकेक कापून जोडायला जाऊ नका, वेड लागेल. दोन्ही कापडांच्या 12 सेंमी रुंद लांब पट्ट्या कापून एकाआड एक जोडा, संख्या सम ठेवा. मग त्या पट्टेरी कापडाच्या आडव्या 12 सेंमीच्याच पट्ट्या कापा आणि एक सोडून एक उलटी फिरवा. बुद्धिबळाचा पट तयार. शिवणीत दोन्हीकडून एकेक सेंमी जाऊन चौकोन 10 चा उरतो. पहिल्या शिवणींची दुमड इस्त्रीने नेहमी काळ्याकडे दाबा, म्हणजे पट्टी फिरवल्यावर दुमडी समोरासमोर अडकतात आणि कोपरे आपोआप जुळतात. गोधडीवाल्या बायकांना हे सांगावं लागत नाही.

बाकी हाओरी म्हणजे नुसते आयत. मुंढा नाही, बटण नाही, पुढून उघडा.

रंगारी_बाबू:
एवढा खटाटोप कशाला? हिरव्या कापडावर मास्किंग टेप लावा, काळा फॅब्रिक कलर मारा. माझा दोन रात्रींत झाला होता.

शिवणवेडी:
आणि पुठ्ठ्यासारखा कडक झाला असेल. टेपखालून झिरपला नाही?

रंगारी_बाबू:
झिरपला. फोटोत दिसत नाही.

फोमवाला:
तलवारीचं मी सांगतो. धातूचं काही न्यायचं नाही, दारावरच काढून घेतील. ईव्हीए फोमचे (चपलांच्या तळव्याला असतो तसला हलका फोम) दोन थर, मध्ये बांबूची कामटी. फेव्हिकॉल एसआर 998 (रबरी गोंद) दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या, मगच चिकटवा. ओलं असताना चिकटवलं तर सुटतं. खिडक्या उघड्या ठेवा, वास डोक्यात जातो. तांजिरोचं पातं काळं, त्यामुळे चंदेरी चमक आणायची कटकट नाही. मुठीपाशी सुटी होईल अशी करा. सकाळच्या लोकलमध्ये अख्खी तलवार घेऊन चढून बघा एकदा!

चहाबिस्कीट:
तांजिरोची कानातली जाड कार्डशीटची, वर लॅमिनेशन. कान टोचलेले नसतील तर प्रेसची कडी लावा. जाता जाता: या चौकड्यांना जपानीत इचिमात्सु म्हणतात, अठराव्या शतकातल्या सानोगावा इचिमात्सु या काबुकी (जपानी पारंपरिक नाटक) नटावरून. त्याच्या कपड्यांवर हीच नक्षी असायची. म्हणजे नटाचा पोशाख बघून तसाच शिवून घेणं जुनंच आहे.

ठाणेकर_काकू:
पाठ जोडून झाली! कोपरे जुळले, एक सोडून. उजव्या खांद्यावर अर्धा सेंमी सरकलाय. उसवू का?

शिवणवेडी:
मुलाला दिसला?

ठाणेकर_काकू:
सगळ्यात आधी तोच दिसला.

शिवणवेडी:
मग उसवा.