मदत हवी आहे: हापूसच्या घरगुती विक्रीसाठी स्वतःचं ॲप करावं की व्हॉट्सॲपच बरं?

नमस्कार मंडळी, देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. बाबा आणि दादा बाग बघतात, वहिनी विक्री बघते, आणि मी पुण्यात राहते म्हणून इथल्या पेट्या पोचवणं आणि मोबाईलचं सगळं काम माझ्याकडे. पूर्वी सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा, आता अर्ध्याच्या वर थेट घरोघरी जातो आणि तो निव्वळ व्हॉट्सॲपच्या जोरावर. सोसायटीतल्या एका काकूंनी पेटी घेतली की त्यांच्या ग्रुपवर फोटो पडतो आणि पुढच्या गाडीला त्याच सोसायटीच्या चार ऑर्डरी असतात.

आता ॲप बनवणाऱ्या एका कंपनीने दादाला गाठलंय. म्हणे हल्ली सगळ्यांचं स्वतःचं ॲप असतं, ऑर्डर, पेमेंट, पेटी कुठपर्यंत आली सगळं त्यातच दिसेल, शिवाय नोटिफिकेशन फुकट, मेसेजमागे पैसे नाहीत. दीड लाख सांगितलेत, देखभालीचे दरवर्षी वेगळे. दादाला पटलंय. मला पटत नाहीये पण त्याला समजावायला माझ्याकडे पक्के मुद्दे नाहीत, म्हणून इथे विचारतेय.

आमचा धंदा मार्च ते मे एवढाच. बाकीचे महिने ते ॲप लोकांनी फोनमध्ये कशाला ठेवायचं? आमची बरीचशी गिऱ्हाईकं साठीच्या पुढची, ती ऑर्डर बोलून पाठवतात. आणि ऑर्डर नुसती 'दोन डझन' अशी नसतेच. वहिनीच्या वहीत असं लिहिलेलं असतं - चार डझन, दोन लगेच खायला, दोन अक्षय्य तृतीयेला तयार होतील असे, फळ मध्यम चालेल, वॉचमनकडे ठेवू नका. त्याप्रमाणे दादा अढीतून निवडून पेटी भरतो. ही माहिती त्या कार्टच्या बटणात कशी बसणार मला कळत नाही.

पण आहे तसंही चालणार नाही हेही खरंय. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ च माणसं बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना मेसेज पोचतच नाही. पैसे यूपीआयने येतात, लोक स्क्रीनशॉट टाकतात, मग वहिनी रात्री बसून कुठला स्क्रीनशॉट कुठल्या पेटीचा ते लावत बसते, ऐन सीझनमध्ये तिची झोप होत नाही आणि माझा सगळा जीव त्यात अडकलाय. तिचा हा त्रास कमी व्हावा एवढंच मला हवंय, ॲप असो नाहीतर काहीही असो. एसएमएसचं बघितलं होतं, त्याला डीएलटीवर (धंद्याचे एसएमएस पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणारी टेलिकॉम कंपन्यांची यंत्रणा) नोंदणी लागते, टेम्प्लेट मंजूर करून घ्यावं लागतं, आणि वर जाहिरातीचा एसएमएस कोण उघडून वाचतं?

कोणी सीझनल धंद्यासाठी ॲप केलंय का? लोकांनी दुसऱ्या वर्षी वापरलं का? प्लीज अनुभव सांगा.

प्रतिसाद

ताई, मी ॲप बनवण्याच्याच कामात आहे आणि तरी सांगतो, तुमच्यासाठी नको. फुकट नोटिफिकेशनचा मुद्दा आधी बघा, कारण दादांना तोच पटलेला दिसतोय. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी ॲपला मागावी लागते, बरेच जण नाही म्हणतात. त्याहून मोठं म्हणजे अँड्रॉइड १२ पासून काही महिने न उघडलेलं ॲप फोन आपोआप झोपवतो, दिलेल्या परवानग्या काढून घेतो, आणि मग पाठवलेलं नोटिफिकेशन पोचतच नाही. म्हणजे जूनमध्ये सीझन संपला की पुढच्या मार्चपर्यंत बहुतेकांच्या फोनमध्ये ते निजलेलं असणार, आणि पहिली पेटी निघाली हे सांगायची वेळ नेमकी तेव्हाच.

खर्चाचं म्हणाल तर गूगल प्लेचं खातं एकदाच २५ डॉलर, ॲपलचं दरवर्षी ९९ डॉलर. गूगल प्लेचं वैयक्तिक खातं नवं असेल तर आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस टेस्टिंग करून घ्यावं लागतं. आणि नव्या अँड्रॉइडप्रमाणे ॲप अपडेट करत राहावं लागतं, नाहीतर नवा फोन घेतलेल्या माणसाला ते स्टोअरवर दिसतच नाही. देखभालीचे पैसे दरवर्षी मागतात ते यासाठी, त्यात फसवणूक नाही, पण तीन महिन्यांच्या धंद्याला ते परवडतं का ते बघा. कधी केलंतच तर खातं स्वतःच्या नावावर काढा, कंपनीच्या नाही.

त्यापेक्षा साधी मोबाईल वेबसाइट करा, एक फॉर्म, त्यात 'कधी तयार हवेत' हा रकाना आणि सूचनेसाठी मोकळी जागा, खाली पेमेंट गेटवे, म्हणजे तिथल्या तिथे ऑनलाइन पैसे घ्यायची सोय. पैसे कुठल्या ऑर्डरचे ते आपोआप लागतं, वहिनींचं स्क्रीनशॉट लावणं तिथेच थांबेल. लिंक व्हॉट्सॲपवर टाका. लिस्ट मोठी असेल तर व्हॉट्सॲपचं बिझनेस एपीआय (सॉफ्टवेअरमधून एकदम खूप जणांना मेसेज पाठवायची सोय) घ्या, जुलै २०२५ पासून त्यात मेसेजमागे आकारणी आहे, जाहिरातीच्या मेसेजला पैसे पडतात, पण गिऱ्हाईकाने आधी लिहिलं तर पुढचे २४ तास उत्तरं द्यायला काही पडत नाही. फक्त मेसेज पाठवायला लोकांची संमती घेऊन ठेवा, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात ती लागते. आणि अढीचे रील टाका, कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून विकला जातो त्या बाजारात तुमच्या बागेचं दर्शन हीच खरी जाहिरात.

धागाकर्ती

खूप खूप आभार! झोपलेल्या ॲपचं दादाला फोनवर वाचून दाखवलं, तो गप्प झाला आणि मग म्हणाला, त्या कंपनीला थांबायला सांगतो. फॉर्मचं वहिनीला फार आवडलं, पण तिची एक अट आहे, बोलून पाठवणाऱ्या आजी-आजोबांना फॉर्म भरायला लावायचा नाही, त्यांची ऑर्डर ती स्वतः ऐकून फॉर्ममध्ये टाकेल.

आता एवढंच सांगा, एपीआय आणि फोनमधलं व्हॉट्सॲप बिझनेस ॲप एकाच नंबरवर कोणी चालवतंय का? जुना नंबर सगळ्या गिऱ्हाईकांकडे आहे, तो बदलायचा नाहीये. आणि मराठीत फॉर्म करून देणारं, सीझनपुरतेच पैसे घेणारं कोणी माहितीत असेल तर व्यनि करा, मोहोर चांगला आलाय, मार्चच्या आत हे उभं करायचंय.