ओरिक्सची शिकार बंद केली तर ओरिक्स उरेल का?

माळरान

टेक्सासमधल्या कुठल्याशा रांचवर, म्हणजे मोठ्या खासगी कुरणावर, काही हजार डॉलर मोजून ओरिक्स नावाचा हरणासारखा प्राणी मारल्याचा फोटो फिरायला लागला की आपल्याकडे शिव्यांची लाखोली सुरू होते. मी शिकारी नाही. कोंबडी कापतानासुद्धा तोंड फिरवणाऱ्यांतला आहे. तरी मला या शिव्या पटत नाहीत.

तलवारीसारखी मागे वळलेली शिंगं असणारा हा पांढरट ओरिक्स मूळचा सहाराच्या कडेचा, चाड-नायजरकडचा. बेसुमार शिकार, दुष्काळ आणि चाडमधली यादवी यांनी त्याला संपवलं. २००० साली त्याच्यावर ‘निसर्गातून नामशेष’ असा शिक्का बसला. त्याच वेळी टेक्सासच्या खासगी कुरणांवर तो मजेत चरत होता. रांचमालकांच्या संघटनेच्या मोजणीत २०१० साली तिथे ११ हजारांवर ओरिक्स होते. कारण साधं आहे, त्याला गिऱ्हाईक होतं.

पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. २००५ मध्ये अमेरिकेने ओरिक्स आणि त्याचेच सहाराकडचे भाऊबंद अ‍ॅडॅक्स आणि डामा गझेल हे तिघंही संकटग्रस्तांच्या यादीत टाकले, पण देशात पैदास झालेल्या कळपांना सूट ठेवली. प्राणिहक्कवाले कोर्टात गेले, २००९ मध्ये जिंकले, आणि एप्रिल २०१२ पासून सूट जाऊन परवाना आला. कागदपत्रांची कटकट नको म्हणून अनेक मालकांनी कळप विकायला काढले. शेवटी २०१४ मध्ये संसदेने सूट परत दिली. म्हणजे प्राण्याच्या बाजूने जिंकलेला खटला प्राण्यालाच महागात पडला. यात माझं कुठे चुकतंय ते सांगा.

वनवेडी

सांगते. ११ हजार हा आकडा कोणी दिला? ज्यांचा धंदा त्यावर चालतो त्यांनीच. तो खरा धरला तरी आठ फुटी जाळीत खुराकावर वाढवलेल्या प्राण्याला ‘वाचवलं’ म्हणायचं का? मग गोठ्यातल्या म्हशीही आपण वाचवल्याच की.

आणि ओरिक्स चाडला परत गेला तो शिकाऱ्यांच्या डॉलरवर नाही. अबुधाबीच्या पर्यावरण संस्थेने पैसा घातला, वेगवेगळ्या देशांतून जनावरं जमवून तिथे कळप उभा केला आणि २०१६ पासून चाडच्या वाडी रिमे-वाडी अशीम अभयारण्यात ती सोडायला सुरुवात केली. तिथे पिल्लं जन्मली. २०२३ च्या डिसेंबरात धोक्यातल्या प्राण्यांची जागतिक यादी करणाऱ्या आययूसीएनने त्याचा शिक्का ‘निसर्गातून नामशेष’वरून ‘संकटग्रस्त’वर आणला. या सगळ्यात टेक्सासच्या बंदुकीचा वाटा किती, तेवढं दाखवा.

माळरान

ओरिक्सचं धरून ठेवू नका हो. आपलंच काळवीट घ्या. पाकिस्तानात ते संपलं होतं. १९७० च्या दशकात बहावलपूरजवळच्या लाल सुहांरा उद्यानासाठी काळविटं आली ती टेक्सासहून! तिथल्या रांचवाल्यांनी हौसेखातर ती जपली नसती तर कुठून आणली असती?

वनवेडी

भारतातून. पण त्या दशकातलं दोन्ही देशांचं सख्य बघता ते अवघड होतं, हे मान्य. आणि तिथेही ती कुंपणातच वाढवली गेली, हे सोयीस्कर विसरलात.

ऑस्टिनकर

मी इथेच टेक्सासात राहतो म्हणून थोडं आँखो देखा. ऑफिसातल्या एकाने हौसेने सोबत नेलं होतं. मी बंदुकीला हात लावला नाही, नुसता बसलो.

पहाटे गाईडने पिकअपमधून एका लाकडी खोक्याशी सोडलं. खिडकीएवढी फट, आत दोन खुर्च्या. समोर दीडशे पावलांवर तीन पायांवर उभं पिंप. ठरल्या वेळी त्याच्या बुडाशी चकती गरगरली आणि मका चहूकडे उडाला. त्या आवाजासरशी झुडपांतून जनावरं निघाली, शाळेची मधली सुट्टी झाल्यासारखी. गाईड दुर्बिणीतून बघत कुजबुजत होता: ‘तो नको, लहान आहे. मागचाही नको, ती मादी आहे.’ ओरिक्सच्या मादीलाही शिंगं असतात, आणि नरापेक्षा बारीक पण लांब. त्यामुळे नवखा माणूस हमखास फसतो. मादीचा दर वेगळा. दरपत्रक ऑफिसातल्या फळ्यावर लावलेलंच होतं. जखमी होऊन पळालं तरी पूर्ण पैसे, हे खाली ठळक अक्षरात.

मित्राने मारला. गाईडने आधी रक्त पुसलं, जीभ आत सरकवली, मान वळवून शिंगं आभाळाकडे केली, मग फोटो. मांस पॅक करून घरी, मुंडकं पेंढा भरायला टॅक्सिडर्मीवाल्याकडे.

नियमांचं म्हणाल तर बाहेरून आणलेल्या या जनावरांना इथे ना हंगाम ना संख्येची मर्यादा. शिकारीचा साधा परवाना आणि जमीनमालकाची हो, झालं. टेक्सासची ९५ टक्क्यांच्या आसपास जमीन खासगी आहे. गुरांवर भागेना म्हणून कित्येकांनी हे सुरू केलं. हेही बंद झालं तर त्या कुरणांचे प्लॉट पडतील, ही भीती खोटी नाही.

वनवेडी

मक्यावर बोलवायचं आणि फळ्यावरचा दर बघून गोळी घालायची. ही शिकार? हा खाटीकखाना झाला, फक्त मुंडकं घरी न्यायची सोय असलेला.

तांबडा_पांढरा

ताई, खाटीकखान्यातल्या बोकडाला तेवढंही मोकळं रान मिळत नाही. मटण खाणाऱ्यांनी (यात मी पहिला) ओरिक्सवर अश्रू गाळू नयेत असं माझं मत. सलमानच्या काळविटापासून आपल्याला हरणांचा पुळका जरा जास्तच आलाय.

वनवेडी

मी खात नाही. पुढे बोला.

रोहीग्रस्त

मी यवतमाळकडचा. तुम्ही ओरिक्सवर भांडताय, आमच्याकडच्या रोह्याचं कुणी काढेना. नीलगाय म्हणतात तीच. याच टेक्सासात १९३० च्या सुमारास किंग रांचवर नीलगाई सोडल्या, आता तिथे हजारोंनी आहेत आणि लोक डॉलर देऊन मारतात म्हणे. आमच्याकडे तोच प्राणी फुकट आहे आणि रोज रात्री तुरीत उभा आहे.

रोही नुसता खात नाही, तुडवतो. हरभरा घाट्यावर आला की आठ-दहांचा कळप एका रात्रीत तासंच्या तासं लोळवून जातो. थंडीत मचाणावर जागल करायची, फटाके फोडायचे. दोन दिवस घाबरतात, तिसऱ्या दिवशी मान वर करून बघतात फक्त. झटका मशीन लावलं तर तार लवते तिथून उडी मारतात. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पीक फुटून हिरवं झालेलं असतं, मग म्हणतात नुकसान कुठंय. मारायला परवानगी मागा म्हणतात. परवानगी घेऊन काय करू, गावात बंदूक कुणाकडे आहे?

माळरान

दादा, मला नेमकं हेच म्हणायचंय! पाकिस्तानात मारखोर या रानबोकडाच्या शिकारीचे मोजकेच परवाने निघतात, एकेकाला लाखाहून जास्त डॉलर मिळाले आहेत आणि ८० टक्के पैसा स्थानिक गावांना. तिथे आता गावकरीच चोरट्यांना पकडतात. रोह्याला तसा दर लागला तर तुम्हीच त्याला सांभाळाल.

वनवेडी

आता मात्र गल्लत होतेय. मारखोर उघड्या डोंगरातला, सरकार कोटा ठरवतं, पैसा गावाचा. याच्यावर मी वाद घालेन, पण हसणार नाही. टेक्सासचा ओरिक्स हा मालकाचा माल आहे. दोन्हींना एकाच नावाने विकू नका.

शिवाय दर लागला म्हणजे जीव वाचला असंही नाही. त्याच दक्षिण टेक्सासात नीलगाईंमुळे गुरांच्या तापाच्या गोचिडी पसरतात म्हणून सरकारी माणसं हेलिकॉप्टरमधून त्यांना मारतात. आपल्याकडे २०१६ मध्ये बिहारात मोकामाजवळ दोनशेंवर नीलगाई मारल्या, तेव्हा जावडेकर आणि मनेका गांधी एकाच सरकारात बसून एकमेकांवर तुटून पडले होते. तरी तो प्रश्न तिथेच आहे.

रोहीग्रस्त

ताई, ते मंत्री राहू द्या. माळरान, तुमच्या हिशोबाचं मला एक सांगा. माझी जमीन चार एकर. रोही चरला माझ्या तुरीत, पाणी प्यायला शेजाऱ्याच्या शेततळ्यावर, आणि गोळी लागली तिसऱ्याच्या धुऱ्यावर. पैसे कुणाचे? आमच्याकडे धुऱ्यावरच्या बाभळीवरून कोर्टात केसी चालल्यात.

ऑस्टिनकर

म्हणूनच इथे आठ फुटी जाळी घालतात. आत उभं असेल ते मालकाचं. तीही हजारो एकरांना घालतात, कमी जमिनीला खर्च परवडतच नाही.

माळरान

गावाने मिळून एक खातं काढावं, वाटणी एकरी करावी. वन समित्या आहेतच की.

रोहीग्रस्त

समितीत कोण बसतं ते आमच्या गावात येऊन बघा, मग बोलू. आत्ता जागलीला निघतो, हरभरा घाट्यावर आहे.