शब्द हवा : एअरबोर्न कमांड पोस्ट

धरमपेठकर
एका मासिकासाठी अमेरिकेच्या ई-४बी विमानांवरचा लेख मराठीत करतेय. बोइंग ७४७-२०० वर उभारलेली ही चार विमानं. अणुहल्ल्यात जमिनीवरची मुख्यालयं गेलीच, तर राष्ट्राध्यक्ष, संरक्षणमंत्री आणि सेनाप्रमुखांनी यात बसून फौजांना हुकूम द्यायचे, अशी सोय. आत ११२ माणसं मावतात, इंधनही उडता उडताच भरता येतं. मी 'हवाई मुख्यालय' लिहिलं होतं, ते संपादकांना पटेना. दुसरं काही सुचवा.

सोनेगावकर
संपादकांचं बरोबर आहे ताई. नागपुरात 'हवाई मुख्यालय' म्हटलं तर ऑटोवाला सरळ वायुसेनानगरात, मेंटेनन्स कमांडच्या फाटकाशी नेऊन सोडेल. शिवाय मराठीत 'हवाई'ला वजनच नाही. हवाई गप्पा, हवेतले इमले. 'उडते' घ्यावं तर उडती बातमी. 'अधांतरी'चं तर नावच नको, अन् कारभार 'वाऱ्यावर' असला की काय समजायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे. जमीन सुटली की आपली भाषा कोणाचा भरवसाच धरत नाही. हे विमान तर भरवशासाठीच बांधलेलं!

महालवाला
'चालते दफ्तर' कसं वाटतं? पेशव्यांच्या हुजूर दफ्तरातला शब्द आहे. 'कमान' मात्र नका घेऊ. हिंदीत मेंटेनन्स कमांडला 'अनुरक्षण कमान' लिहितात ते ठीक, आपल्याला गणपतीच्या मंडपाची कमान दिसते.

धरमपेठकर
काका, त्यातलं 'चालते' म्हणजे चालू कारभाराचे ना? पायांनी चालणारं नव्हे. शब्द गोड आहे, पण वाचकाला वाटेल विमानात कारकून बसलेत.

माजी वायुसैनिक
शब्द ठरवण्याआधी वस्तू नीट पाहून घ्या. बरेच जण याची आणि अवॅक्सची, म्हणजे हवेतून टेहळणी करणाऱ्या रडारच्या विमानाची, गल्लत करतात. आपल्याकडे इल्युशिन-७६ वर बसवलेलं फाल्कन आहे, त्याच्या पाठीवर रडारची मोठी तबकडी असते. त्याचं मुख्य काम आकाशात कोण कुठे आहे ते पाहायचं आणि आपल्या लढाऊ विमानांना वाट दाखवायची. त्याला 'टेहळणी आणि नियंत्रण' शोभतं. ताईंच्या विमानाचं काम बघण्याचं नाही, सांगण्याचं आहे. म्हणून 'उडता नियंत्रण कक्ष' लिहू नका. नियंत्रण कक्ष कलेक्टर कचेरीतही असतो, पुराच्या वेळी फोन घेतो. इथे 'आदेश' हा शब्द हवाच.

सांगायचं कसं, हे लेखात जरूर घ्या. पाण्याखालच्या पाणबुडीला साधा रेडिओ ऐकू जात नाही. त्यासाठी फार लांब लहरी लागतात, आणि लांब लहरींना तेवढीच लांब अँटेना. ई-६बी नावाचं दुसरं विमान यासाठी मागे सुमारे ८ किलोमीटर तार सोडतं, आणि ती शक्य तितकी उभी लोंबावी म्हणून एकाच जागी आवळ वळणं घेत राहतं. 'घिरट्या' हा आपला शब्द इथे चपखल बसतो.

या कल्पनेची सुरुवात 'लुकिंग ग्लास', म्हणजे 'आरसा', नावाच्या मोहिमेने झाली. नेब्रास्कातल्या ऑफट तळावरच्या भूमिगत मुख्यालयाची सगळी कामं विमानातूनही करता यावीत, जमिनीवरच्याचं प्रतिबिंब वर असावं, म्हणून आरसा. ३ फेब्रुवारी १९६१ पासून २४ जुलै १९९० पर्यंत असं एक विमान कायम आकाशात होतं. साधारण आठ तासांची पाळी. बदलीचं विमान वर आल्याशिवाय आधीचं उतरायचं नाही. प्रत्येक पाळीला एक जनरल दर्जाचा अधिकारी आत. एकोणतीस वर्षं हे चाललं.

सोनेगावकर
बाप्पा! एकोणतीस वर्षं! आमच्याकडे तर रात्रपाळीचा चौकीदारही बदलीवाल्याची वाट पाहत नाही. मग 'आदेश ठाणे'?

महालवाला
ठाणं म्हणजे ठाण मांडून बसलेलं. हे तर बसतच नाही. शिवाय 'सीताबर्डी ठाणे'सारखं पोलिसी वाटतं.

धरमपेठकर
आणखी एक. ई-४बीची आधीची आवृत्ती, ई-४ए, १९७४ साली सेवेत आली तेव्हा तिच्या नावात 'एअरबोर्न कमांड पोस्ट'च्या आधी 'नॅशनल इमर्जन्सी' होतं. आद्याक्षरांचा उच्चार होई 'नीकॅप', म्हणजे गुडघ्याची वाटी. तिथले सैनिक तसंच म्हणायचे. पण 'राष्ट्रीय आणीबाणी' लिहिलं की आपला वाचक थेट १९७५ मध्ये जातो.

माजी वायुसैनिक
'आणीबाणीचे प्रसंग' असं अनेकवचन करा, १९७५ आपोआप मागे पडतं. नाहीतर सरळ 'संकटकाळ'.

सोनेगावकर
आणि इंग्रजीत याला 'डूम्सडे प्लेन' म्हणतात म्हणून 'प्रलयाचं विमान' मथळ्यात घेऊ नका. सनसनाटी वाटतं. प्रलय आणतंय ते विमान की प्रलयात वापरायचंय, तेच कळत नाही. रशियाच्या इल-८० लाही असंच म्हणतात. त्याला तर वैमानिकाच्या कक्षाखेरीज खिडक्याच नाहीत. स्फोटाचा लख्ख प्रकाश आत येऊ नये म्हणून.

धरमपेठकर
तर असं करते. पहिल्यांदा येईल तिथे 'संकटकाळातले विमानस्थ आदेश केंद्र', पुढे नुसतं 'आदेश विमान'. 'विमानस्थ' थोडं जड आहे, पण एकदाच येणार.

माजी वायुसैनिक
'आदेश विमान' चालेल. आम्ही आपसात 'कमांड पोस्ट'च म्हणायचो, ते अवतरणात एकदा द्या. आणि ई-४बीला 'नाइटवॉच' म्हणतात, त्याचं भाषांतर नको, ते विशेषनाम आहे.

महालवाला
'रातपहारा' बरं होतं की हो.

धरमपेठकर
काका, चौकटीत टाकते, तुमच्यासाठी.