पालिकेतली पदं एकत्र केली तर कामं लवकर होतील का?

अभ्यासिका_राजारामपुरी:
गट-कच्या परीक्षेची तयारी करतोय. पालिकांच्या पदांच्या याद्या बघून डोकं गरगरलंय. शिपाई वेगळा, पहारेकरी वेगळा, पवडी कामगार वेगळा, चावीवाला वेगळा, मुकादम आणखी वेगळा. केंद्रात सहाव्या वेतन आयोगानंतर गट-ड, म्हणजे सगळ्यात खालची श्रेणी, संपला. शिपाई, दफ्तरी, फराश, चौकीदार, माळी मिळून एकच 'मल्टी टास्किंग स्टाफ' झाला. मग कोल्हापूरसारख्या शहरात हे करायला अडचण काय? आतलं कुणी आहे का इथं?

निवृत्त_आस्थापना:
आहे की. सगळी नोकरी आस्थापना विभागात गेली. कुठल्या पालिकेत ते विचारू नकोस, पेन्शन चालू आहे.

पहिली गोष्ट, हे एकट्या पालिकेच्या हातात नाही. 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाचं कलम 51 वाच. नवं पद काढायचं तर सरकारची आधी मंजुरी लागते. आकृतिबंध, म्हणजे कुठली पदं किती त्याचा आराखडा, करा, ठराव घ्या, नगरविकास खात्याकडं पाठवा. तिथनं हमखास विचारणा येते, आस्थापना खर्च, म्हणजे पगार-पेन्शन, उत्पन्नाच्या 35 टक्क्यांच्या आत आहे का? म्हणून जुनं पद कुणी सोडत नाही. एकदा रद्द झालं तर बदल्यात नवं मिळेलच असं नाही. जकात गेली, मागनं आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था करही 2015 ला बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला. पण जकात नाक्यावरच्या नाका कारकुनाचं पद कागदावर राहतं आणि माणूस घरफाळ्याला बसतो. उलट ज्याच्यावाचून दिवस जात नाही तो संगणकावरचा पोरगा ठोक मानधनावर, कारण त्याच्या कामाचं पदच मंजूर नाही. काम त्याचं, सही कारकुनाची. घोळ झाला की दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात.

खरी गोची मात्र ज्येष्ठता यादीत आहे. दोन संवर्ग, म्हणजे पदांचे गट, एकत्र केले की वर कोण, खाली कोण? पदोन्नती त्या यादीवर. एकदा अशा यादीवर हरकती मागवल्या तर ट्रंक भरली. त्यात बिंदुनामावली, म्हणजे कुठली जागा कुठल्या आरक्षणाची त्याचा क्रम, नव्यानं करायची. 1902 साली ज्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, तिथं बिंदू इकडचा तिकडं झाला तर लोक गप्प बसतील होय? बसूही नये. एकजण कोर्टात गेला की सगळ्यांच्याच बढत्या थांबतात.

गंगावेश_कामगार:
एकत्रीकरण म्हणजे गोड बोलून कपात. आज शिपाई कचरागाडीवर, उद्या गाडीच ठेकेदाराची. सफाई कामगाराच्या वारसाला लाड-पागे समितीच्या शिफारशीनं नोकरी मिळते, ती त्या पदामुळं. 'मल्टी' केलं की वारसानं कशाच्या जोरावर अर्ज करायचा?

निवृत्त_आस्थापना:
गंगावेशकरांचं बरोबर आहे, सफाईच्या पदाला हात लावू नये. चावीवाल्यालाही नाही. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की ए वॉर्डातल्या चढावरच्या गल्लीला पाणी चढतं, हे त्याच्या डोक्यात असतं. त्याच्या जागी उद्या माळी धाडला तर अर्धी पेठ घागरी घेऊन रस्त्यावर येईल.

एकत्र करायची ती टेबलावरची पदं: लिपिक, टंकलेखक, नाका कारकून, वसुली कारकून. तीही आहेत त्या माणसांना न हलवता. जुने संवर्ग 'मृत' घोषित करायचे, म्हणजे आहेत ते निवृत्त होईपर्यंत आपापल्या यादीत आणि नवी भरती थेट एका संवर्गात. वेळ लागेल, पण कोर्टाची पायरी टळायची शक्यता जास्त. आयुक्तांना मात्र असलं आवडत नाही. त्यांची बदली तोवर दोनदा होते, श्रेय पुढच्याला.

अभ्यासिका_राजारामपुरी:
काका, मग मी अर्ज कुठल्या पदाला भरू?

निवृत्त_आस्थापना:
लिपिकाला भर. पण आधी सेवाप्रवेश नियमात त्या पदाच्या वर कुठलं पद लिहिलंय ते बघ. वर काहीच नसेल तर पगार वाढेल, खुर्ची तीच राहील. आणि टायपिंगचं सर्टिफिकेट आत्ताच काढून ठेव.