मदत हवी आहे : विद्यार्थी संगतीत मराठी भजने सर्वांना कशी शिकवावीत?

पुण्यातील आमच्या महाविद्यालयीन ख्रिस्ती संगतीत दर गुरुवारी सुमारे वीसजण जमतात. त्यांपैकी निम्मे नगर-जालना भागातले मराठी विद्यार्थी असून उरलेले मिझोराम, नागालँड आणि केरळचे आहेत. गाणी गिटारवर, बहुतेक इंग्रजीत होतात आणि तेवढा वेळ मराठी मुले गप्प उभी असतात. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) भजने घरी ऐकत वाढलेल्या मुलांचे असे मौन मला खटकते.

एक आठवडा मराठी, एक इंग्रजी असे करून पाहिले, तेव्हा उपस्थितीच दुभंगली. मराठी शब्द रोमन लिपीत छापून वाटले, तर उच्चार जमले, पण चाल कोणालाच उचलता आली नाही. दोन वेगळे गट करायचे नाहीत, कारण प्रार्थनेला सर्वजण एकत्र असणे हाच संगतीचा प्राण आहे.

आमच्याकडे तबला वाजवणारा एकजण आहे, पेटीवाला नाही. वसतिगृहाच्या वेळेमुळे एका तासापलीकडे थांबताही येत नाही. अशा स्थितीत, ध्रुवपद छोटे आणि चाल सोपी असलेली टिळकांची कोणती दोन-तीन भजने आधी घ्यावीत, आणि मराठी न येणाऱ्यांना ती अर्थासह शिकवण्याची आपल्या मंडळीत वापरून पाहिलेली पद्धत कोणती?